वजनदार ट्रोलिंग लाइन: आधी खोली आणि वेग ठरवा, धातू नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या गोड्या तलावात छोट्या बोटीतून ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी, चालतं. डाउनरिगर, म्हणजे केबलला जड गोळा लावून आमिष खोल नेणारं यंत्र, नाही आणि बसवायचंही नाही. पाणी थंड असतं तोवर मासा वर असतो आणि साध्या तंगुसावर काम भागतं. उन्हाळ्यात मात्र तो आठ ते पंधरा मीटरवर उतरतो आणि आमिष त्याच्या डोक्यावरून निघून जातं. दुकानात चार पर्याय समोर आले: 18 पौंडी लीडकोर, 27 पौंडी लीडकोर, 45 पौंडी तांब्याची तार आणि वजनदार स्टील. यातलं काय घ्यावं, आणि जास्त पौंडाची लाइन जास्त खोल जाते का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. लीडकोरवरचे पौंड हे फक्त ती किती ताणाला तुटते ते सांगतात, खोलीशी त्यांचा संबंध उलटा आहे. लीडकोर म्हणजे मध्ये शिशाची बारीक तार आणि तिच्यावर विणलेलं नायलॉनचं किंवा तत्सम धाग्याचं वेष्टण. ताण सगळा वेष्टण पेलतं, शिशाचं काम केवळ बुडवण्याचं. 18 पौंडी आणि 27 पौंडी लाइनमध्ये बहुतेक कंपन्या शिसं जवळपास तेवढंच ठेवतात आणि वेष्टण जाड करतात. म्हणजे वजन तेवढंच, पण पाण्याला अडणारी जाडी वाढली. त्यामुळे 27 पौंडी लाइन तेवढीच सोडली तर थोडी वरच राहते, शिवाय रिळावर जागाही जास्त खाते. दगडगोटे, बुडालेली झाडं आणि खरोखर मोठे मासे असतील तरच ती घ्यावी. एरवी 18 पौंडी पुरते.

आता पहिल्या भागाचं उत्तर. तुमच्या आठ ते पंधरा मीटरसाठी पहिली खरेदी म्हणून 18 पौंडी लीडकोर घ्या, पूर्ण दहा रंगांची. तांबं आज नको, स्टील तर नकोच. का, ते सविस्तर सांगतो.

लीडकोरचं वेष्टण दर 10 यार्डांनी, म्हणजे 30 फुटांनी किंवा साधारण 9 मीटरनी रंग बदलतं. म्हणून ही लाइन वापरणारे लोक मीटर मोजत नाहीत, रंग मोजतात. दहा रंग म्हणजे 100 यार्ड, सुमारे 91 मीटर. ताशी 2 मैलांच्या, म्हणजे 3.2 किलोमीटरच्या वेगाला एका रंगामागे साधारण 5 फूट, दीड मीटर खोली मिळते असं धरून चालतात. हा आकडा सुरुवातीला उपयोगी आहे, पण तो एकटा घेऊन पाण्यावर जाऊ नका, कारण वेग बदलला की तो पार बदलतो.

कसा बदलतो ते एकदा समजलं की तक्ते पाठ करावे लागत नाहीत. बोटीमागे ओढली जाणारी वजनदार लाइन पाण्यात एका कोनात जवळपास सरळ राहते. तिचं वजन तिला खाली ओढतं आणि समोरून येणारं पाणी तिला वर उचलतं. दोन्ही जिथे जुळतात तो तिचा कोन. वेग दुप्पट केला की पाण्याचा रोध चौपट होतो, पण लाइन जसजशी आडवी होते तसतसं तिच्यावर आडवं येणारं पाणी कमी होतं. दोन्हींचा मेळ बसून खोली साधारण निम्मी होते. म्हणजे खोली वेगाच्या व्यस्त प्रमाणात चालते. ताशी 3.2 किलोमीटरला एका रंगामागे दीड मीटर मिळत असेल, तर 2.4 किलोमीटरला जवळपास 2 मीटर आणि 4 किलोमीटरला 1.2 मीटर मिळेल.

समजा मासे दाखवणाऱ्या यंत्रावर मासे 10 मीटरवर दिसताहेत आणि आमिष 9 मीटरवरून न्यायचं आहे. 3.2 किलोमीटरला सहा रंग, 2.4 ला साडेचार, 4 ला साडेसात. मासा तोच, तलाव तोच, पण सोडायच्या लाइनमध्ये तीन रंगांचा फरक पडला. म्हणून मी कोणालाही आधी विचारतो की तुम्ही कोणत्या वेगाने ट्रोल करता. वॉलाय हा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा अनेकदा हळू चालणारं आमिष जास्त घेतो, तिथे दहा रंग खूप खोल जातील. सॅमन आणि ट्राउटच्या मागे स्पून (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) ओढणारे जोरात जातात, त्यांना तेच दहा रंग कधी कधी अपुरे पडतात.

मासा दिसतो त्याच्या मीटरभर वरून आमिष न्यायचं, हेही मुद्दाम सांगतो. यातले बरेच शिकारी मासे खालून वर बघत हल्ला करतात. थोडं वरून गेलेलं आमिष ते वर येऊन घेतात, खालून गेलेलं बहुतेक वेळा बघतही नाहीत. शंका असेल तेव्हा अर्धा रंग कमी सोडा.

मासा उन्हाळ्यात खाली का उतरतो, तेही लाइन निवडताना लक्षात घ्यावं लागतं. ऊन वाढलं की तलावाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. मध्ये एक पट्टा तयार होतो, थर्मोक्लाइन, जिथे दर मीटरला एक अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान उतरतं. ट्राउट, सॅमन असे थंड पाण्याचे मासे या पट्ट्याच्या आसपास येऊन थांबतात. खूप शेवाळं धरणाऱ्या तलावात पट्ट्याखाली प्राणवायू संपत जातो, तिथे त्याच्याखाली लाइन सोडण्यात अर्थच नसतो. तेव्हा तलाव 40 मीटर खोल आहे म्हणून 40 मीटरला पोहोचणारी लाइन घ्यायची नसते. तुमच्या पाण्यात भर उन्हाळ्यात हा पट्टा कुठे बसतो ते एका दोरीला थर्मामीटर बांधून मोजा. तो आकडा हातात आला की निम्मी निवड तिथेच झाली.

तांब्याविषयी आता. घनतेत शिसं वरचढ: पाण्याच्या तुलनेत शिशाची सुमारे 11.3 पट, तांब्याची सुमारे 8.96 पट. तरीही तेवढ्याच लांबीत तांब्याची तार जास्त खोल जाते. कारण लीडकोरमध्ये शिशाभोवती वेष्टण आहे आणि नायलॉनची घनता पाण्याच्या अगदी जवळची. ते जागा अडवतं, पाण्याला अडतं, वजन मात्र देत नाही. तांब्याची तार सात पदरांची पिळलेली, सगळी धातूच. 45 पौंडी तांब्याला ताशी 3.2 किलोमीटरला दर 100 फुटांमागे 20 ते 22 फूट, म्हणजे 30 मीटरमागे 6 ते साडेसहा मीटर खोली मिळते. तेवढ्याच लांबीच्या लीडकोरला सुमारे 5 मीटर मिळतात.

फरक ऐकायला मोठा वाटतो. पण 9 मीटरसाठी हिशेब करून बघा. लीडकोरचे सहा रंग म्हणजे 55 मीटर, तांबं साधारण 43 मीटर. बारा मीटर वाचले. त्या बारा मीटरांसाठी तुम्ही जी लाइन घेणार ती हाताळायला कितीतरी अवघड आहे. वीस मीटर खोली हवी असेल तर चित्र पालटतं: लीडकोरचे तेरा-चौदा रंग लागतील आणि ते मावणारं रीळ शोधत बसावं लागेल, तांबं 95 मीटरच्या आसपास भागेल. म्हणून माझी सीमा साधारण 14-15 मीटरची आहे. तिच्या आत लीडकोर. तिच्याखाली नेहमीच जायचं असेल तर तांबं, किंवा मग खरोखर डाउनरिगरचाच विचार करा.

तांब्याचा एक गुण मात्र मनापासून मान्य करायला हवा. ते जवळपास ताणलंच जात नाही आणि पाण्यातून जाताना बारीक थरथरतं. आमिषाची प्रत्येक हालचाल काठीच्या टोकावर दिसते, गवत अडकलं तर लगेच कळतं. ती थरथर माशालाही ओढते असं मानणारे अनुभवी लोक बरेच आहेत.

अवघड काय, तेही नीट ऐका. तांब्याला गुंता आवडत नाही असं म्हणणं अपुरं आहे, एका गुंत्यात संपूर्ण लाइन कामातून जाऊ शकते. रीळ मोकळं सोडलं, अंगठा उचलला, चकती लाइनपेक्षा जोरात फिरली की तार सैल होऊन वेटोळी पडतात. वेटोळं ताणलं की तिथे पीळ बसतो, आणि पीळ बसलेली जागा परत सरळ केली तरी पुढे तिथेच तुटते. पदर तुटून वर आले तर बोटात घुसतात. म्हणून तांबं सोडताना बोट चालू, लाइन सतत ताणात, अंगठा चकतीवर आणि घाई नाही. छोट्या बोटीत एकटा माणूस सुकाणू सांभाळत हे करणार असेल तर मी त्याला तांबं देणार नाही.

स्टीलचं थोडक्यात. स्टील बळकट असतं, म्हणून बारीक वापरता येतं. पण बारीक तार म्हणजे दर मीटरला वजन कमी, म्हणून ती तेवढ्याच लांबीत तांब्याइतकी खोल जात नाही. एकपदरी स्टील वा मोनेल मिश्रधातूची तार साध्या काठीच्या कड्यांना चरे पाडते, त्यासाठी चाकाचं टोक असलेली काठी घ्यावी लागते. ज्यांच्याकडे ती सगळी सामग्री आधीच आहे त्यांनी जरूर वापरावी. नव्याने सुरुवात करणाऱ्याला तिच्यात काही खास मिळत नाही.

आता ज्यासाठी मी डाउनरिगर असूनही वजनदार लाइन सोडत नाही ते कारण. नितळ, शांत पाण्यात मासा बोटीला बुजतो. लीडकोरच्या टोकाला आमिष बोटीपासून सत्तर-ऐंशी मीटर मागे असतं, जवळ ना गोळा असतो ना केबल. शिवाय वळण घेतलं की वळणाच्या आतल्या बाजूची लाइन मंदावते आणि खाली जाते, बाहेरच्या बाजूची वेग घेऊन वर येते. सरळ रेषेत न जाता हलकी नागमोडी चाल ठेवली तर एकाच फेरीत दोन-तीन खोल्या आणि दोन-तीन वेग तपासून होतात. मासा नेहमी आतल्या बाजूलाच लागत असेल तर बोट हळू करा किंवा जास्त रंग सोडा. बाहेरच्या बाजूला लागत असेल तर उलट. ही माहिती दुसरं कोणतंही साधन इतक्या सहज देत नाही.

लाइन आणल्यावर पहिल्या दिवशी मासे धरायला जाऊ नका, तळ शोधायला जा. साधारण 8 मीटर खोलीचा, सपाट, वाळूचा किंवा चिखलाचा तळ निवडा. स्वतःहून फारसा खोल न जाणारा, हलका स्पून लावा. वेग 3.2 किलोमीटरवर स्थिर करा आणि तीन रंग सोडा. काठीचं टोक एकसारखं थरथरत राहील. मग अर्धा-अर्धा रंग सोडत जा आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा, कारण लाइनला आपल्या कोनात स्थिरावायला वेळ लागतो. एका क्षणी थरथर थांबून टोक टकटक मागे ओढलं जाऊ लागेल: आमिष तळाला लागलं. किती रंग बाहेर आहेत ते लिहून ठेवा. हेच 2.4 आणि 4 किलोमीटरला करा. हे तीन आकडे तुमच्या लाइनचे, तुमच्या आमिषाचे, तुमच्या बोटीचे आहेत, पाकिटावरच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा खरे. आमिष बदललं की पुन्हा तपासा. पुढे लांब जीभ असलेला प्लग (माशाच्या आकाराचं टणक आमिष) स्वतःही खाली जातो. उलट आमिषापुढे लावलेली चमकती पट्टी, म्हणजे मोठा फ्लॅशर, पाणी धरतो आणि लाइनचं शेवटचं टोक वर उचलतो.

वेगाबद्दल एक सावधगिरी. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतं, लाइनला लागतो तो पाण्यातला वेग. वारा सुटलेला असला की वरचं पाणी वाऱ्याबरोबर सरकतं आणि खालचं बरेचदा उलट दिशेने परत येतं. म्हणून जाताना मासा लागतो आणि येताना लागत नाही असं होतं तेव्हा आमिष बदलण्याआधी वेग बदलून पाहा. काठीच्या टोकापाशी लाइन पाण्यात कोणत्या कोनात शिरते तिकडे लक्ष ठेवा. जाताना जो कोन होता तोच येताना आणा, जीपीएसवर आकडा काहीही येवो.

जोडणीत दोन भाग असतात. लीडकोरच्या मागे रिळाच्या बाजूला बॅकिंग आणि पुढे आमिषाच्या बाजूला लीडर. बॅकिंगला 30 पौंडी ब्रेड (धागे विणून केलेली लाइन) बारीक असल्याने रिळात जागा वाचवतो. बोर्डला, म्हणजे लाइन बोटीपासून बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळीला, क्लिप लावायची असेल तर 20-25 पौंडी तंगूस बरा, क्लिप त्याच्यावर नीट धरते आणि त्याचा ताण माशाचा झटका सोसतो. लीडर म्हणून 10 ते 15 मीटर फ्लोरोकार्बन घ्या. लीडरची ताकद लीडकोरपेक्षा कमी ठेवा, 18 पौंडी लाइनला 12 पौंडी लीडर. कुठे अडकलं तर लीडर तुटू दे, लाइन तुटायला नको.

लीडकोरची गाठ शिकून घ्यावीच लागते. टोकाचं वेष्टण मागे सरकवा, शिसं उघडं पडेल, ते पंधरा सेंटिमीटरवर नखाने वाकवून तोडा आणि उपसून काढा. आता वेष्टणाची पोकळ नळी उरली. लीडरचं टोक तिरकं कापून त्या नळीत सरकवा, नाडी ओवतो तसं, पुढे चिमटीत धरत आणि मागचं वेष्टण ओढत, शिसं जिथे तुटलं तिथपर्यंत. मग आत लीडर असलेल्या त्या नळीची एक साधी गाठ मारा. आवळण्याआधी ओली करा, सावकाश आवळा. पोकळ टोकाजवळ दुसरी गाठ मारली तर आणखी बरं. ही विलिस गाठ. बारीक असल्याने कड्यांतून अडखळत नाही, आणि ताण वाढेल तसं वेष्टण लीडरला आणखी घट्ट धरतं. लीडर नळीत शिरायला बारीकच हवा, जाड बॅकिंगला ही गाठ जमत नाही. तिथे शिसं काढलेल्या वेष्टणाला डबल युनी गाठ मारा. तांब्याला मात्र छोटं स्विव्हल (फिरती कडी) लावणं सोयीचं.

रीळ मोठं लागतं, हे खरेदीआधीच हिशेबात धरा. 18 पौंडी दहा रंग आणि वर शंभर मीटर बॅकिंग मावेल असं रीळ बघा. लाइन मोजणारं रीळ चांगलंच, पण लीडकोर जाड असल्याने चकती भराभर रिकामी होते आणि मोजणी घसरत जाते. बाहेर पडणारे रंग डोळ्यांनी मोजा, ते खोटं बोलत नाहीत. काठी मऊ आणि लांब असावी, ताठ काठीने मोठ्या माशाच्या तोंडातून गळ फाटून निघतो.

पहिला हंगाम दहा रंगांवर काढल्यावर तुम्हाला कळेल की बहुतेक मासे ठरावीक रंगांवरच लागतात, समजा पाच किंवा सहावर. तेव्हा दुसरी काठी तेवढ्याच रंगांच्या तुकड्याची बनवा: लीडर, पाच रंग, मग सरळ बारीक ब्रेडचं बॅकिंग. तुकडा पूर्ण बाहेर गेला की त्यापुढे बॅकिंग सोडत राहिलात तरी खोली फारशी वाढत नाही, आमिष फक्त बोटीपासून आणखी लांब जातं. खोली बदलत नाही आणि अंतर हवं तेवढं वाढवता येतं, म्हणून बोर्डवर लावायला असे तुकडे उत्तम.

मासा लागल्यावर बोट थांबवू नका. वेग थोडा कमी करा, पण चालू ठेवा. बाकीच्या काठ्यांवरची वजनदार लाइन बोट थांबताच सरळ तळाला जाते आणि एका माशाच्या बदल्यात दोन आमिषं तळाच्या झाडात राहतात.

उन्हाळ्यात दोन-चार वेळाच खोल जायचं असेल तर यातलं काहीच घेऊ नका असंही सांगेन. आमिष 15 मीटर सोडा, साध्या लाइनवर क्लिपचं वजन अडकवा, आणखी 15 मीटर सोडा. मासा वर आणताना वजन काढून घ्यायचं. खोली तितकी नेमकी मिळत नाही, पण नवी काठी आणि नवं रीळ लागत नाही.

देखभालीत एकच गोष्ट महत्त्वाची. लीडकोर वारंवार दुमडली की आतलं शिसं तुटतं, बाहेरून काही दिसत नाही. हंगामाच्या शेवटी लाइन बोटांतून हळूहळू ओढा. एखादी जागा पोकळ आणि लुळी लागली तर ती टोकाकडे असल्यास तेवढी कापून नवी गाठ मारा, मधोमध असल्यास लाइनचे दोन तुकडे करून वापरा. वेष्टण पाणी धरून ठेवतं, म्हणून सुकल्याशिवाय पेटीत बंद करू नका.

आणि शिसं ते शिसंच. लाइन दाताने तोडू नका, गाठ मारल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. तोडलेले शिशाचे तुकडे पाण्यात तर मुळीच टाकू नका. पाणपक्षी खड्यांबरोबर ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये 1987 पासून मासेमारीच्या बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली ती हंसांच्या अशा मृत्यूंमुळेच. इतर अनेक ठिकाणीही निरनिराळे निर्बंध आहेत, आणि काही पाण्यांत धातूची लाइन ओढायलाच मनाई असते. खरेदीआधी तुमच्या तलावाचे नियम वाचा. शिसं चालत नसेल तर वरचा सगळा हिशेब तांब्यावर करायचा, दर 30 मीटरला सहा मीटर धरून. सोडताना मात्र कोणाला तरी सुकाणूवर बसवा.